वळताना पुढून कट-कट वाजतं: एक्सल घरी बदलावा का, आणि बदलायचा तर कसा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, साधा मॅन्युअल गिअरबॉक्स. मानेवाड्याच्या तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट आवाज येतो. गॅरेजवाल्याने दोन्ही बाजूंचे एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारे दांडे, बदलायला सांगितलं. तुम्हाला धाकट्या भावाला सोबत घेऊन हे काम घरीच करायचं आहे. जमेल का, कोणता एक्सल घ्यावा, गिअर ऑइल काढावं लागेल का, आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने नट आवळायचा पाना) नसेल तर हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमधचा, मोठा नट किती आवळायचा, हे तुम्ही विचारलं आहे.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: जमेल. हिंगणा रोडला माझं गॅरेज आहे आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचे एक्सल हे आमचं नेहमीचं काम. यात लागते ती शिस्त. हातोटी कमी असली तरी चालतं. पण तुमचे चारही प्रश्न ‘एक्सल बदलायचा’ हे धरून चाललेत. त्याच्या आधीचा प्रश्न राहिला: नक्की काय खराब झालंय आणि कोणत्या बाजूचं? दोन्ही एक्सल एकाच वेळी बाद झालेत असं मी क्वचितच पाहतो. बहुतेक वेळा एक बाजू गेलेली असते आणि दुसरी वाचवण्यासारखी असते. तिथे पैसे वाचतात आणि गाडीत कंपनीचा मूळ, चांगला भागही टिकून राहतो.

प्रत्येक एक्सलला दोन सांधे असतात. चाकाकडचा तो आउटर, गिअरबॉक्सकडचा तो इनर. आउटरमध्ये साधारणपणे सहा पोलादी गोळ्या असतात. त्या आपापल्या खाचांत फिरतात आणि चाक पूर्ण वळलेलं असतानाही ताकद सारख्या वेगाने पोचवतात. इनरमध्ये बहुतेक गाड्यांत तीन रोलर असतात. चाक खड्ड्यात खालीवर झालं की एक्सलची लांबी थोडी कमीजास्त व्हावी लागते, ती सोय इनर करतो. दोन्ही सांध्यांवर घड्या असलेला बूट, म्हणजे रबरी टोपण, आणि आत ग्रीस. सांधा स्वतःहून सहसा मरत नाही. आधी बूट फाटतो, फिरणाऱ्या चाकाबरोबर ग्रीस बाहेर फेकलं जातं, मग माती आणि पाणी आत शिरतं आणि गोळ्यांच्या खाचांना खड्डे पडतात. नागपुरात उन्हाळ्यात गाडी दिवसभर उघड्यावर उभी राहिली की रबर कडक होतं. मग पूर्ण स्टिअरिंग कापलं की घड्यांच्या तळाशी चीर जाते. वरून बूट धडधाकट दिसतो, घडी उघडून पाहिली की चीर दिसते.

म्हणून आधी तपासणी. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवा, हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग दुसऱ्या बाजूला. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. वेगाबरोबर वाढत जाणारी कट-कट म्हणजे आउटर. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढला की थरथर थांबते, तर संशय इनरवर. अ‍ॅक्सिलरेटर देताना-सोडताना एकच ठक् होत असेल तर इनर बघा, पण इंजिनाचं माउंटिंगही बघा. आणि वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी गाडी एका अंगाला झुकली की बदलते, ती चाकाच्या बेअरिंगची. एक्सल बदलून ती जाणार नाही. खड्ड्यावर खडखड होत असेल तर स्टॅबिलायझर लिंक किंवा लोअर आर्मचे बुश. तेही वेगळं दुखणं.

कट-कट साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या चाकाची जास्त येते, म्हणजे डावीकडे वळताना आवाज आला तर ड्रायव्हर साइडचा आउटर. पण आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरून कानाशी येतो, म्हणून फक्त त्यावर पैसे लावू नका. चाक पूर्ण वळवून ठेवा, टॉर्च घ्या, आणि रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअबच्या खालच्या भागावर, ब्रेकच्या आसपास ग्रीसचे काळे शिंतोडे आहेत का ते बघा. ज्या बाजूला शिंतोडे, ती बाजू गेली. दुसऱ्या बाजूला बूटच्या घड्या बोटांनी उघडून बघा. तिथे चीर आहे पण ग्रीस अजून ओलं, स्वच्छ आहे आणि आवाज नाही, तर त्या बाजूला फक्त नवा बूट आणि नवं ग्रीस पुरे. चीरही नसेल तर त्या बाजूला हातच लावू नका.

गाडी जुनी विकत घेतलेली असेल तर एक गोष्ट जास्त बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीचा बूट आधीच चिरलेला असेल तर सांध्यात चिखलाचं पाणी गेलेलं असतं. त्यात नुसतं नवं ग्रीस भरून काही होत नाही. तुमच्या बाबतीतही तेच समजा: ज्या बाजूला कट-कट सुरू झाली तिथे बूट-ग्रीस बदलणं म्हणजे पैसे आणि एक सकाळ वाया. खाचांना पडलेला खड्डा ग्रीसने भरत नाही.

आता कोणता घ्यावा. हे तुमच्या गाडीला काय मिळतं आणि खिसा किती आहे यावर आहे, पण माझी पसंती सांगतो. शक्य असेल तर कंपनीचा पूर्ण एक्सल, किंवा कंपन्यांना सांधे पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा. ते महाग वाटलं तर फक्त आउटरचा किट घ्या: त्यात सांधा, बूट, क्लिपा, ग्रीस, नवं सर्कलिप (खाचेत बसणारी तारेची कडी) आणि बहुतेक वेळा नवा नट असतो. मूळ दांडा आणि मूळ इनर तसाच राहतो. यासाठी एक्सल बाहेर काढून व्हाइसमध्ये धरावा लागतो आणि जुना आउटर हातोड्याने दांड्यावरून उडवावा लागतो. काम थोडं वाढतं, पण इनर ठणठणीत असेल तर मला हा मार्ग फार आवडतो. तिसरा मार्ग, अपघातातल्या गाडीचा मूळ एक्सल भंगारातून घेऊन त्याला नवे बूट लावायचे. सांधा उघडून, डिझेलने धुऊन, गोळ्या आणि खाचा बघूनच घ्यायचा.

सर्वांत शेवटी येतो तो बिननावाच्या डब्यातला स्वस्त पूर्ण एक्सल. दिसायला चकचकीत असतो. पण पोलादाचं हीट ट्रीटमेंट कसं केलंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि इनरमधला रोलर जरा सैल असला तरी ताशी ६०-७० च्या पुढे गाडी थरथरायला लागते. लोक मग चाकं बॅलन्स करून घेतात, अलाइनमेंट करून घेतात, आणि थरथर तशीच. आवाज न करणारा मूळ एक्सल काढून असा बसवणं मला अजिबात पटत नाही. म्हणूनच ‘दोन्ही बाजू बदला’ या सल्ल्यावर मी आधी हरकत घेतली.

आता जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली आणि घोड्यांखाली (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) जाड प्लायवूड टाका. ब्लॉक एका कडेने दबतो आणि घोडी तिरकी होते. उतार असेल तर तिथे काम करूच नका. गाडीच्या डिकीतला कात्रीचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी आहे. त्यावर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, झोपायचं तर नाहीच नाही. विटाही चालणार नाहीत. वीट भाराखाली एका क्षणात फुटते. दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि दोन घोड्या भाड्याने किंवा मित्राकडून आणा. मागच्या चाकांना दोन्हीकडून उट्या, हँडब्रेक वर. गाडी घोडीवर टेकल्यावर तिला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा उतरवून नीट ठेवा. या परिच्छेदात सांगितलेलं तुमच्याकडे जमत नसेल तर काम गॅरेजला द्या. बाकी कुठेही चूक झाली तर पैसे जातील, इथे माणूस जाईल.

वेळेचंही सांगतो. मे महिन्यात ४५ अंशांत दहा वाजल्यानंतर उन्हात ठेवलेला पाना हातात धरवत नाही. सकाळी सहाला सुरू करा. आणि रविवार नको, शनिवार घ्या. मध्येच ऑइल सील (गिअरबॉक्सचं तेल अडवणारी रबरी कडी) फाटलं किंवा चुकीचा एक्सल आला तर रविवारी स्पेअरची बहुतेक दुकानं बंद असतात, आणि गाडी घोडीवर अडकून राहते.

पहिल्यांदा करणारा अडतो तो हबच्या नटावर. ही एकच गोष्ट सगळा वेळ खाते, म्हणून गाडी उचलण्याच्या आधी, चारही चाकं जमिनीवर असताना, तो सैल करायचा. व्हील कॅप काढा. मधला नट दोन प्रकारचा असतो: स्प्लिट पिन घातलेला, किंवा ज्याची कड एक्सलच्या खाचेत ठोकून दाबलेली असते तो. पिन असेल तर सरळ करून ओढून काढा. दाबलेली कड असेल तर बारीक छिन्नीने पूर्ण वर उचला. अर्धवट उचलून नट फिरवला तर एक्सलचे आटे खराब होतात. गोटी, म्हणजे सॉकेट, बहुतेक ३०, ३२ किंवा ३६ ची लागते. मोजून घ्या, आणि सहा कोनांची, जाड भिंतीची घ्या. बारा कोनांची गोटी घसरून नटाचे कोपरे मारते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, भाऊ ब्रेक दाबून बसलेला, आणि लांब हँडलवर पाइप. जोर सावकाश वाढवा, झटके देऊ नका, आणि हँडल सुटलं तर तोंड कुठे आपटेल ते आधी बघून उभे राहा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाड्यांसारखा गंज आपल्याकडे नसतो, त्यामुळे बहुतेक नट एका दमात सुटतात.

सुटलाच नाही तर एक उपाय आहे. एअर गन असलेल्या गॅरेजमध्ये जा, नट सोडवून घ्या, आणि तिथेच तो पुन्हा पूर्ण टॉर्कने आवळून घ्या. मग हळू घरी या. आता तो हाताने सुटेल. पण नट सैल ठेवून गाडी एक मीटरही चालवू नका, आणि एक्सल बाहेर असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलूही नका. बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंग त्या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेलं असतं. दाब नसताना गाडीचं वजन पडलं की बेअरिंग आतून खराब होतं आणि पुढच्या आठवड्यात घूं-घूं सुरू होते.

नट सैल झाला, चाकाचे नट जरा ढिले केले, गाडी घोड्यांवर घेतली, चाक काढलं. आता गिअर ऑइल. इनर गिअरबॉक्समधून निघाला की त्या भोकातून तेल येतं. फक्त ती बाजू उचलून तेल न काढताही काम होतं, कारण तेल खालच्या बाजूला सरकतं. पण नऊ वर्षांच्या गाडीत मी तरी तेल काढूनच टाकतो, जुनं झालेलंच असतं. एकच नियम पाळा: आधी भरायचा, म्हणजे वरचा प्लग सैल करून बघा, मगच खालचा उघडा. खालून तेल गेलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच बसेल. तेलाचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो, तोच घ्या. छोट्या गाड्यांत साधारण दोन लिटरच्या आसपास लागतं. हे सगळं मॅन्युअल गिअरबॉक्सबद्दल. हे वाचणाऱ्या कोणाची गाडी सीव्हीटी किंवा जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक असेल तर तिचं तेल आणि पातळी बघायची पद्धत वेगळी असते. ते काम घरी नको.

एक्सल हबमधून काढण्यासाठी नकल, म्हणजे हब ज्यात बसतो तो ओतीव भाग, बाहेर झुकवावा लागतो. दोन वाटा आहेत. एक, शॉकअब आणि नकलमधले दोन मोठे बोल्ट काढायचे. दुसरी, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून सोडवायचा. मी दुसरी वाट घेतो, कारण शॉकअबचे बोल्ट उघडले की बऱ्याच गाड्यांत चाक आत-बाहेर झुकण्याचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट करावीच लागते. काही गाड्यांत बॉल जॉइंटची दांडी एका आडव्या बोल्टने चिमटलेली असते. तो बोल्ट पूर्ण बाहेर काढा, फट जराशी पाचरीने उघडा आणि आर्म टॉमीने (लांब लोखंडी पहारीने) खाली दाबा. तुमच्या गाडीत शॉकअबचीच वाट सोयीची असेल तर बोल्टच्या डोक्याभोवती आणि पट्टीच्या कडेने खूण करून घ्या, म्हणजे परत तिथेच बसेल. बॉल जॉइंट सोडवायला दुफाळी पाचर ठोकू नका, त्याने जॉइंटचं रबर फाटतं. गरज पडली तर टाय रॉड एंडही, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोकही, सोडा. एबीएस सेन्सरची वायर ताणली जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. आणि ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला तर तो होजवर लोंबता सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

आता हबचा नट परत दोन आटे फिरवून एक्सलच्या टोकाशी बरोबर करा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. टोकावर थेट लोखंडी हातोडा मारला तर आटे फुलतात, मग ना नट निघतो ना एक्सल पुन्हा वापरता येतो. हलला की नट काढा, नकल बाहेर ओढा, एक्सल हबमधून मागे सरकवा.

गिअरबॉक्सकडे मात्र दांडा धरून ओढायचं नाही. हे ठासून सांगतो, कारण सगळ्यांचा पहिला हात तिकडेच जातो. दांडा ओढला की इनरचे रोलर बाहेर येतात आणि इनर गिअरबॉक्सला तसाच चिकटून राहतो. इनरच्या लोखंडी वाटीच्या आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉमीचं टोक घाला, सीलला स्पर्श न करता, आणि एकच छोटा झटका द्या. आत एक्सलच्या दातेरी टोकाला एक छोटं सर्कलिप असतं, ते आखडलं की वाटी सुटते. खाली ट्रे ठेवा. काही गाड्यांत इनर बोल्टांनी फ्लँजला जोडलेला असतो, तिथे टॉमी लागत नाही, फक्त बोल्ट. आणि काही गाड्यांत लांब बाजूला मध्ये बेअरिंगचा ब्रॅकेट असतो, तिथे आधी ब्रॅकेटचे बोल्ट.

दोन्ही बाजूंचं काम असेल तरी एका वेळी एकच बाजू. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल एकदम बाहेर असले की आतले डिफरन्शिअलचे गिअर जागेवरून सरकतात, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येते.

जुना आणि नवा एक्सल जमिनीवर शेजारी ठेवा आणि घाई न करता बघा. लांबी सारखी आहे का, दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, सील जिथे टेकतं तिथली जाडी, सर्कलिपची खाच, आणि गाडीला एबीएस असून रिंग एक्सलवर असेल तर ती रिंग. ड्रायव्हर साइड आणि कंडक्टर साइडच्या लांब्या वेगळ्या असतात, आणि दुकानातून उलटी बाजू हातात येणं नेहमीचंच आहे. ही तपासणी खरं तर दुकानातच जुन्या एक्सलच्या नंबरवरून करायची, पण गाडीत बसवण्याआधी एकदा पुन्हा.

आता ऑइल सील. किमतीला किरकोळ, आणि एक्सल बाहेर असताना बदललं नाही तर पुढे तेवढ्यासाठी हे सगळं पुन्हा उघडावं लागतं. जुनं सील किती खोल बसलंय ते आधी बघून ठेवा. नवं सील मोठ्या गोटीने चारही बाजूंनी थोडं थोडं ठोकत सरळ, तेवढंच खोल बसवा आणि ओठाला गिअर ऑइल लावा. नवं सर्कलिप टोकाच्या खाचेत घाला आणि ते मधोमध राहावं म्हणून थोडं ग्रीस लावा. मग दोन्ही हातांनी वाटी धरून एक्सल अगदी सरळ आत न्या. तुमचा भाऊ बाहेरचं टोक उचलून धरेल. दाते सीलच्या ओठावर घासले की सील तिथेच कापलं जातं. दाते जुळले की एक ठाम धक्का, आणि ‘टक्’ असा आवाज किंवा हाताला बसल्याची जाणीव. मग वाटी धरून, दांडा नव्हे, बाहेर ओढून बघा. आली तर बसलेलीच नाही, पुन्हा करा. इथे ‘बसलं असेल’ म्हणून पुढे जाऊ नका.

बाहेरचं टोक हबमध्ये, बॉल जॉइंट जागेवर, त्याचा बोल्ट, टाय रॉड, उघडलेलं सगळं उलट क्रमाने. बॉल जॉइंटच्या दांडीला खाच असते आणि आडवा बोल्ट तिच्यातून जातो. बोल्ट हाताने सहज जात नसेल तर ठोकू नका, दांडी पूर्ण वर गेलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, हबचा नट. दाबून बसवायच्या प्रकारातला नट नेहमी नवाच वापरा. टॉर्कचा आकडा गाडीगणिक बदलतो. छोट्या-मध्यम गाड्यांत तो साधारण १७५ ते ३०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो, आणि तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. चाकाचे नट त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहून कमी असतात, यावरून कल्पना येईल. टॉर्क रेंच एका दिवसासाठी भाड्याने आणा. त्यावर पैसे खर्च करण्यासारखे आहेत. रेंच घेताना तो किती आकड्यापर्यंत जातो ते बघा, बरेच २१० लाच थांबतात.

रेंच मिळालाच नाही तर हिशेबाने अंदाज येतो. ७० किलोचा माणूस आडव्या हँडलवर, नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर सगळा भार देऊन उभा राहिला तर सुमारे २०६ न्यूटन-मीटर होतात. हे फक्त गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी, तिथे रेंचने लगेच तपासून घ्या. एअर गनने शेवटचं आवळू नका, किती आवळलं ते कळतच नाही. कमी आवळलं तर बेअरिंग खुळखुळं होतं, फार आवळलं तर आटे ताणतात. चाक हवेत असताना भावाने ब्रेक दाबून ठेवायचा आणि तुम्ही जमेल तितकं घट्ट करायचं. मग चाक लावा, गाडी टायर जमिनीला टेकण्यापुरती उतरवा आणि शेवटचा टॉर्क द्या. त्यानंतरच पूर्ण भार. स्प्लिट पिनचा प्रकार असेल आणि भोक जुळत नसेल तर नट मागे सोडायचा नाही, पुढच्या भोकापर्यंत आवळायचा. दुसरा प्रकार असेल तर कड खाचेत नीट ठोकून दाबा.

गाडी सपाट उभी असताना वरच्या प्लगच्या भोकापर्यंत गिअर ऑइल भरा, ओघळायला लागलं की थांबा. ब्रेकला हात लावला असेल तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. नाहीतर पहिल्या ब्रेकला पाय तळाशी जातो.

दुसऱ्या बाजूला फक्त बूट बदलायचा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, सांधा कोरडा करा, किटमधलं ग्रीस सगळं वापरा (साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस चालत नाही, सीव्ही सांध्याचं, म्हणजे एक्सलच्या याच सांध्यांसाठीचं, मॉलिब्डेनमवालंच हवं), आणि क्लिपा धातूच्या लावा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या आपल्या उन्हात टिकत नाहीत. एक्सल न काढता लावायचे चिरलेले, गोंदाने चिकटवायचे बूट मिळतात. ते मी लावत नाही. जोड उन्हाने सुटतो आणि फाटलेलं कळेपर्यंत सांधा गेलेला असतो.

चाचणीला तेच मैदान. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे आणि मागे. मग वर्धा रोडसारख्या सरळ रस्त्यावर ८० पर्यंत नेऊन थरथर बघा. एबीएसचा दिवा लागला तर सेन्सरची वायर किंवा रिंग बघा. घरी येऊन गिअरबॉक्सखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. सकाळी जुन्या सांडलेल्या तेलाचे एक-दोन थेंब चालतील, पण पुसून ठेवल्यावर तिसऱ्या दिवशीही ओल आली तर सील तिरकं बसलंय. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट रेंचने पुन्हा बघा. टाय रॉड किंवा शॉकअबचे बोल्ट उघडले असतील तर अलाइनमेंटही करून घ्या. आणि जुना एक्सल दुकानात देऊन टाकू नका. त्याचा इनर आणि दांडा चांगला असेल तर कपड्यात गुंडाळून ठेवा, पुढे कधी त्याच बाजूला आउटरचा किट लावून तोच बसवता येईल.